गाडी जाम, ब्रेक जाम... आणि जॉर्ज वेस्टिंगहाऊस

ब्रेक लागला नाही म्हणून झालेल्या अपघाताच्या बातम्या आपण नेहमी वाचतो. पण ब्रेक सुटलाच नाही तर? मेकॅनिकलच्या थर्ड इयरला असूनही हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तो पडला दिवाळीच्या सुट्टीत, भंडारा जिल्ह्यातल्या लाखनीला, मामाच्या अंगणात.

मामाची जुनी कार पावसाळाभर आंब्याच्या झाडाखाली उभी होती. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे. धानाला बरा, लोखंडाला वाईट! त्यात मामाने हँडब्रेक खच्चून ओढून ठेवलेला. सुट्टीत गाडी काढायची ठरली. बॅटरी बदलली, इंजिन सुरू झालं, गिअरही पडला, पण गाडी जागची हलेना. नुसती गुरगुरत होती. घरातली भावी इंजिनिअर म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सीटवर बसले आणि शहाणपणा करून ॲक्सिलरेटर दाबला. चाकं हलली नाहीत, क्लच मात्र जळल्याचा वास आला. मामाने मला हात धरून खाली उतरवलं आणि हायवेवर ट्रकची कामं करणाऱ्या एका मिस्त्रीकाकांना बोलावलं.

काकांनी आधी इंजिन बंद करायला लावलं. पान्याला हात लावला नाही. फक्त विचारत राहिले. गाडी कधीपासून उभी आहे, उभी केली तेव्हा चाकं मोकळी फिरत होती का, हँडब्रेक ओढलेला होता का. मग म्हणाले की ब्रेक सोडवायच्या आधी त्याला कोणी धरून ठेवलंय ते कळलं पाहिजे. काम करता करता त्यांनी ट्रकची गोष्ट काढली. ट्रकमधली हवा संपली की ट्रकचा ब्रेक सुटत नाही, उलट लागतो. मी लगेच फुशारकी मारली, की याला फेलसेफ म्हणतात. त्यांनी विचारलं, म्हणजे काय? आता आली पंचाईत! आमचं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, शब्द पाठ होता, पण मराठीत समजावता येईना. शेवटी त्यांनीच सांगितलं की बिघाड झाला तर गाडी थांबली पाहिजे, पळत सुटता कामा नये. आणि मग मला विचारलं की हे पहिल्यांदा कोणाच्या डोक्यात आलं? तेही मला सांगता आलं नाही.

हॉस्टेलवर परत आल्यावर मी लायब्ररीत शोधाशोध केली. जे नाव सापडलं ते आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे, पण वेगळ्याच कारणासाठी. इलेक्ट्रिकलवाले त्याला एसी करंटमुळे ओळखतात. मला तो ब्रेकमुळे भेटला. तर मंडळी, ही गोष्ट आहे जॉर्ज वेस्टिंगहाऊसची.

जॉर्जचा जन्म ६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात सेंट्रल ब्रिज नावाच्या छोट्या गावी झाला. वडिलांचा शेतीची यंत्रं बनवण्याचा धंदा होता. पुढे ते स्केनेक्टडी शहरात आले आणि तिथे त्यांनी वर्कशॉप टाकलं. जॉर्जचं शाळेत काही फार लक्ष लागत नसे. त्याचा जीव वर्कशॉपमध्ये. अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं तेव्हा तो अगदी कोवळ्या वयात सैन्यात गेला, तिथून नौदलात, आणि तिथे इंजिनच्या खात्यात काम केलं. युद्ध संपल्यावर युनियन कॉलेजमध्ये नाव घातलं, पण तिथे तो जेमतेम एक टर्म टिकला. (के.टी. लागलेल्यांनी यातून चुकीचा अर्थ काढू नये!) कारण त्याच वर्षी, म्हणजे १८६५ मध्ये, त्याला पहिलं पेटंट मिळालं. फिरत्या वाफेच्या इंजिनाचं. वय वर्षे एकोणीस.

ते इंजिन काही फार चाललं नाही. पण त्याचं लक्ष रेल्वेकडे वळलं. रुळावरून घसरलेले डबे परत रुळावर चढवायचं एक साधन त्याने बनवलं आणि ते विकत तो गावोगाव फिरू लागला. म्हणजे आपला हिरो सुरुवातीला सेल्समन होता म्हणा ना.

त्या काळची रेल्वे कशी थांबायची ते आधी समजून घेऊ. आज आपल्याला वाटतं की ड्रायव्हरने ब्रेक लावला की गाडी थांबली. तेव्हा तसं नव्हतं. प्रत्येक डब्याला वेगळा हातब्रेक असायचा. ड्रायव्हर शिट्टी वाजवायचा, मग ब्रेकमन नावाचे गडी धावत जाऊन एकेका डब्याचं चाक फिरवून ब्रेक आवळायचे. मालगाडीत तर हे चाक डब्याच्या टपावर. पाऊस असो, बर्फ असो, रात्र असो, चालत्या गाडीच्या टपांवरून उड्या मारत जायचं. कित्येक ब्रेकमन खाली पडून मेले, कित्येकांचे हातपाय गेले. आणि एवढं करूनही गाडी थांबायला खूप वेळ लागायचा.

१८६६ च्या सुमारास जॉर्ज स्केनेक्टडीहून ट्रॉयला निघाला होता. वाटेत त्याची गाडी अडकली, कारण पुढे दोन मालगाड्या समोरासमोर धडकल्या होत्या. दिवसाउजेडी, सपाट जमीन, सरळ रूळ. दोन्ही ड्रायव्हरांनी एकमेकांना लांबून पाहिलं होतं. दोघांनीही शिट्ट्या दिल्या. पण ब्रेकमन सगळ्या डब्यांचे ब्रेक आवळेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं. जॉर्जच्या मनात हे बसलं. धोका दिसत असूनही थांबता येत नाही, यात चूक ड्रायव्हरची नव्हती. यंत्राची होती.

मग सुरू झाले प्रयोग. आधी वाटलं की डब्यांची जोडणी एकमेकांवर दाबली गेली की त्यातूनच ब्रेक लावता येईल. जमलं नाही. मग वाफ वापरायचा विचार केला, इंजिनात वाफ तर असतेच. पण लांबच लांब पाइपमधून जाता जाता वाफेचं पाणी होतं. तेही बारगळलं. मग एका मासिकात त्याने आल्प्स पर्वतातल्या मॉन्ट सेनिस बोगद्याबद्दल वाचलं. (सांगतात की ते मासिक त्याने वर्गणी मागायला आलेल्या एका मुलीला नाही म्हणवेना म्हणून घेतलं होतं!) त्या बोगद्यात दगड फोडायची ड्रिल यंत्रं दाबलेल्या हवेवर चालत होती, आणि ती हवा पाइपमधून खूप लांबवर नेलेली होती. हवा थंड झाली तरी वाफेसारखं तिचं पाणी होत नाही, दाब राहतो. झालं! जे पर्वताच्या पोटात चालतं ते गाडीच्या पोटाखाली का चालू नये?

वडिलांनी मात्र पैसे द्यायला नकार दिला. हवेने गाडी थांबवायची, हे ऐकून लोक हसायचेच. शेवटी पिट्सबर्गच्या राल्फ बॅगेली नावाच्या तरुणाने पैसे घातले. १३ एप्रिल १८६९ रोजी जॉर्जला एअर ब्रेकचं पेटंट मिळालं. त्याच वर्षी कंपनी निघाली. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. आपल्या फायनल इयरच्या मुलांएवढा.

पहिल्या चाचणीची गोष्ट रेल्वेच्या पुस्तकांत हमखास असते. पिट्सबर्गहून स्ट्यूबेनव्हिलकडे चार डब्यांची गाडी निघाली. बोगद्यातून बाहेर पडते न पडते तोच पुढे रुळावर एक घोडागाडी आडवी आली आणि गाडीवान रुळावर पडला. ड्रायव्हरने नवी तोटी फिरवली. डब्यातले बडे पाहुणे खुर्च्यांवरून कोसळले, पण गाडी त्या माणसापासून अवघ्या काही फुटांवर थांबली. चाचणी पाहायला आलेल्यांना अजून काय पाहिजे?

इथे साधा माणूस थांबला असता. कंपनी चालू, ऑर्डर येताहेत, नाव झालेलं. पण या ब्रेकमध्ये एक खोट होती आणि ती जॉर्जला दिसत होती. हा पहिला ब्रेक असा होता: इंजिनावर कॉम्प्रेसर आणि हवेची टाकी. ड्रायव्हरने तोटी उघडली की हवा पाइपमधून प्रत्येक डब्याखालच्या सिलिंडरमध्ये जायची आणि ब्रेक लागायचा. म्हणजे हवा आली तर ब्रेक. पण डब्यांमधला होज फुटला तर? गाडी मधूनच तुटून दोन तुकडे झाले तर? हवा बाहेर, ब्रेक शून्य. ज्या वेळी ब्रेक सगळ्यात जास्त हवा, नेमका त्याच वेळी नाही!

१८७२ मध्ये त्याने सगळा विचारच उलटा केला. आणि माझ्या मते त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम हेच. त्याने प्रत्येक डब्याखाली हवेची एक छोटी टाकी बसवली आणि लांब पाइपात हवा कायम भरलेली ठेवली. मध्ये बसवला ट्रिपल व्हॉल्व्ह. हा व्हॉल्व्ह पाइपातला दाब आणि टाकीतला दाब यांची सतत तुलना करतो. पाइपात दाब जास्त असेल तर टाकी भरत राहतो आणि ब्रेक सोडतो. पाइपातला दाब कमी झाला की टाकीतली हवा सिलिंडरमध्ये सोडतो आणि ब्रेक लागतो. दोन्हीकडे सारखा झाला की ब्रेक आहे तिथे धरून ठेवतो. टाकी भरणं, ब्रेक लावणं आणि ब्रेक सोडणं ही तीन कामं, म्हणून ट्रिपल. आता होज फुटला, गाडी तुटली, पाइप गळला, काहीही झालं तरी पाइपातला दाब पडणार, आणि दाब पडला की प्रत्येक डबा आपला आपण थांबणार. ड्रायव्हरला काही करायची गरजच नाही.

लक्षात घ्या, आधीच्या ब्रेकमध्ये हवा ब्रेक लावायची. आता पाइपातली हवा ब्रेक सोडून धरते. हवा गेली की ब्रेक लागतो. मिस्त्रीकाकांनी अंगणात सांगितलं होतं ते हेच.

पुढे १८८६ मध्ये आयोवा राज्यात बर्लिंग्टनला लांब मालगाड्यांवर चाचण्या झाल्या. पन्नास डब्यांची गाडी. पुढच्या डब्यांना ब्रेक लागायचा, पण पाइपातला दाब शेवटच्या डब्यापर्यंत पडायला वेळ लागायचा, तोपर्यंत मागचे डबे पुढच्यांवर येऊन आदळायचे. आतली माणसं अक्षरशः फेकली गेली. एअर ब्रेक मालगाडीला चालणार नाही असं लोक म्हणू लागले. वेस्टिंगहाऊस वर्कशॉपमध्ये परत गेला, व्हॉल्व्ह बदलला. आता प्रत्येक डब्याचा व्हॉल्व्ह स्वतःच पाइपातली थोडी हवा बाहेर सोडून पुढच्या डब्याला जणू निरोप देऊ लागला. १८८७ मध्ये तीच लांब गाडी सुरळीत थांबली. मग १८९३ मध्ये अमेरिकेत कायदा झाला आणि रेल्वेगाड्यांना असा ब्रेक बसवणं सक्तीचं झालं. टपावरून धावणारे ब्रेकमन हळूहळू खाली उतरले. त्यांच्यातल्या किती जणांना वेस्टिंगहाऊसचं नाव माहीत असेल कोण जाणे, पण त्यांची मुलं पोरकी झाली नाहीत.

एसी करंटची गोष्ट मी थोडक्यात सांगते, नाहीतर इलेक्ट्रिकल ब्रँच रागवेल. एडिसन डीसीच्या बाजूने होता. वेस्टिंगहाऊसने ट्रान्सफॉर्मरचे हक्क घेतले, १८८८ मध्ये निकोला टेस्लाची पेटंट घेतली आणि एसीवर सगळं पणाला लावलं. एसीला बदनाम करायला विरोधकांनी काय काय केलं नाही! १८९० मध्ये विजेच्या खुर्चीवर पहिली फाशी दिली गेली तीही मुद्दाम वेस्टिंगहाऊसच्या जनरेटरवर. तरी १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्याचेच दिवे लागले आणि १८९६ मध्ये नायगाऱ्याच्या धबधब्याची वीज बफेलो शहरात पोचली. आज आपण रूममध्ये लपून इमर्शन रॉड लावतो, तो याच एसीवर. (वॉर्डन सरांनी हे वाक्य वाचू नये.)

माणूस म्हणूनही तो वेगळा होता. १८७१ मध्ये त्याने आपल्या कारखान्यात शनिवारी अर्धी सुट्टी सुरू केली, जेव्हा असली पद्धत तिथे जवळजवळ नव्हतीच. पण १९०७ च्या आर्थिक संकटात कर्जाने घेरलं आणि स्वतःच्या नावाच्या इलेक्ट्रिक कंपनीवरचा ताबा गेला. १९११ पर्यंत तो तिथून पूर्ण बाहेर पडला. गंमत बघा, त्याच १९११ सालासाठीचं एडिसन मेडल त्याला मिळालं. ज्याच्याशी भांडला त्याच्याच नावाचं! शेवटच्या वर्षांत तो मोटारगाड्यांसाठी हवेच्या स्प्रिंगवर काम करत होता. हवेने त्याला सोडलं नाही, त्याने हवेला सोडलं नाही. १२ मार्च १९१४ रोजी तो न्यूयॉर्कमध्ये वारला. त्याच्या नावावर साडेतीनशेच्या वर पेटंट आहेत.

आता तुम्ही म्हणाल, याचा आपल्याशी काय संबंध? सांगते.

आपल्या वरठीच्या भंडारा रोड स्टेशनवर उभं राहा. हावडा-मुंबई लाइनवरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीच्या पोटाखाली तोच पाइप आहे. भारतात बराच काळ व्हॅक्यूम ब्रेक चालले, आता एअर ब्रेक आहेत. ब्रेक पाइपात ५ किलो दाब असतो. आपण साखळी ओढतो तेव्हा त्या पाइपातली हवाच बाहेर सोडतो. कधी कधी एखाद्या डब्याच्या सिलिंडरमधली हवा पूर्ण सुटत नाही आणि ब्रेकचा ठोकळा चाकाला चिकटून राहतो. याला रेल्वेत ब्रेक बाइंडिंग म्हणतात. चाक तापतं, धूर येतो, जळका वास येतो, ठिणग्या उडतात. आतल्या माणसाला वाटतं आग लागली. पण ही सहसा आग नसते. गाडी थांबवून कर्मचारी त्या डब्याच्या व्हॉल्व्हचा हँडल ओढून सिलिंडरमधली हवा सोडतात, गरज पडली तर त्या डब्याचा ब्रेक बंद करतात आणि गाडी पुढे जाते.

हे माहीत नसलं की काय होतं? २२ जानेवारी २०२५ रोजी जळगाव जिल्ह्यात परधाडे स्टेशनजवळ पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची अफवा उठली. साखळी ओढली गेली, लोकांनी घाबरून शेजारच्या रुळावर उड्या मारल्या आणि तिकडून कर्नाटक एक्स्प्रेस आली. किमान बारा माणसं गेली. आग लागलेलीच नव्हती. डब्यातल्या ठिणग्या तापलेल्या ॲक्सलच्या किंवा ब्रेक बाइंडिंगच्या असाव्यात, असं रेल्वेच्या अधिकाऱ्यांनी सुरुवातीला सांगितलं होतं. म्हणजे जो शोध माणसं वाचवायला लागला, त्याची एक खूण ओळखता न आल्यामुळे इतके जीव गेले असतील तर? हे वाचल्यापासून मला तो प्रसंग विसरता येत नाही. म्हणून हा लेख.

दुसरी गोष्ट ट्रकची. गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना आहे, त्यामुळे आपल्या जिल्ह्यात ट्रकचं अप्रूप नाही. आजच्या बहुतेक मोठ्या ट्रकमध्ये मागच्या चाकांच्या ब्रेक चेंबरमध्ये एक जबरदस्त स्प्रिंग असते. ती ब्रेक लावून धरते आणि हवेचा दाब तिला मागे ढकलून ब्रेक सोडतो. वेस्टिंगहाऊसच्याच घराण्यातला विचार. म्हणून सकाळी ड्रायव्हर इंजिन चालू करून हवेचा काटा चढायची वाट बघतो. हायवेवर ट्रक जाम झाला की आधी तो काटा बघायचा. दाब कमी असेल तर ब्रेक बिघडलेला नाही, ब्रेक आपलं काम करतोय! गळती शोधायची. कान लावायचा, सांध्यांवर साबणाचं पाणी टाकायचं, फेस आला की तिथे होल. दाब बरोबर असून एकच चाक जाम असेल तर त्या चाकाचा चेंबर, व्हॉल्व्ह किंवा ॲडजस्टर बघायचा. टाक्यांमधलं पाणी रोज काढायचं, कारण हवेतली वाफ आत साचते, गंज आणि चिकटा होऊन व्हॉल्व्ह अडकवते. थंड देशात तर तेच पाणी गोठून ब्रेक जाम होतात. आणि एक गोष्ट मिस्त्रीकाकांनी दोनदा बजावली: स्प्रिंगवाला चेंबर रस्त्यावर कधीही उघडायचा नाही. आतली स्प्रिंग सुटली तर माणूस मरतो. एक लांब बोल्ट घालून स्प्रिंग आवळून ठेवायची सोय असते, पण तीही चाकांना आधी दगड लावूनच वापरायची. कारण ब्रेक सुटला की ट्रकला धरायला काही उरत नाही.

आणि कार? कारमध्ये हवा नसते, ब्रेक ऑइल असतं. पेडल दाबलं की ब्रेक लागतो, म्हणजे विचार वेस्टिंगहाऊसच्या पहिल्या ब्रेकसारखा. ऑइल गेलं तर ब्रेक गेला. म्हणूनच कारमध्ये दोन वेगळ्या लाइन्स देतात, एक गेली तरी दुसरी राहावी म्हणून. त्यामुळे कारचा जाम झालेला ब्रेक हा सुरक्षेचा इशारा नसतो, सरळ बिघाड असतो, आणि तो शोधावा लागतो.

मिस्त्रीकाकांनी मामाच्या गाडीवर जे केलं ते क्रमाने सांगते. आधी गाडी सपाट जागेवर आहे का पाहिलं, मग न जॅक लावायच्या चाकांना दगड लावले, हँडब्रेक सोडला, गिअर न्यूट्रल केला. मग एकेक चाक जॅकने उचलून हाताने फिरवलं. नुसत्या जॅकवर विश्वास नाही, खाली लाकडी ठोकळा ठेवलाच. पुढची दोन्ही चाकं फिरली. मागची दोन्ही घट्ट. गाडी उभी राहून मागची चाकं जाम म्हणजे संशय हँडब्रेकवर. त्यांनी हँडब्रेकची केबल ढिली केली. एक चाक लगेच सुटलं, म्हणजे तिथे केबल गंजून अडकली होती. दुसरं सुटलं नाही, म्हणजे तिथे ब्रेक शूच ड्रमला गंजाने चिकटला होता. ड्रमच्या कडेने गोल गोल हातोडीने हलके ठोके दिले, मग गाडी खाली घेऊन थोडी पुढे, थोडी मागे अशी हलवली. टक्क असा आवाज आला आणि चाक सुटलं. माझ्या ॲक्सिलरेटरने जे झालं नाही ते दहा मिनिटांत झालं.

पण त्यांनी तिथेच थांबवलं नाही. ड्रम काढून गंज घासला, केबल नवी घालायला सांगितली. ड्रममधली धूळ तोंडाने फुंकायला गेले तर मला ओरडले, कारण जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. लायनरवर ऑइल किंवा रॉकेल टाकायला मना केलं, कारण मग चाक सुटेल पण ब्रेक नीट लागणार नाही.

मग मी विचारलं, की चालता चालता चाक जाम झालं तर? गाडी एका बाजूला ओढते, एकच चाक तापतं, जळका वास येतो, ॲव्हरेज पडतो. अशा वेळी तापलेल्या ड्रमवर किंवा डिस्कवर पाणी ओतायचं नाही, तडा जातो. सावलीत थांबून थंड होऊ द्यायचं. मग जाम झालेल्या चाकाचा एअर काढायचा निपल किंचित ढिला करायचा. ऑइल उडालं आणि चाक सुटलं, तर आत दाब अडकला होता. एकच चाक असेल तर बहुधा रबरी होज आतून फुगलेला, जास्त चाकं असतील तर मास्टर सिलिंडर बघायचा. निपल ढिला करूनही चाक जामच राहिलं, तर पिस्टन गंजलाय किंवा कॅलिपरच्या पिना सुकल्यात. एक निपल, आणि अर्धं निदान झालं! आमच्या पुस्तकात ब्रेकचे सगळे भाग आहेत, पण अडकलेल्याला कुठून विचारायला सुरुवात करायची ते मला त्या अंगणात कळलं. अर्थात निपल उघडल्यावर लाइनमधली हवा काढून पेडल घट्ट लागतं का हे बघितल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणायची नाही.

मित्रांनो, वेस्टिंगहाऊसची गोष्ट वाचताना मला एक गोष्ट सारखी जाणवली. पहिला ब्रेक यशस्वी झाल्यावरही तो विचारत राहिला, की हे बिघडलं तर कोण मरेल? आपण प्रोजेक्ट करताना विचारतो, हे चालेल का? व्हायवात तेवढंच विचारतात. पण उद्या आपण बनवलेलं यंत्र रस्त्यावर जाईल, त्यात कोणाची तरी मुलं बसतील. ते चालेल का हा अर्धाच प्रश्न आहे. बंद पडलं तर काय होईल, हा उरलेला अर्धा.

सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी मी मिस्त्रीकाकांच्या टपरीवर गेले. तेव्हा त्यांच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आता आहे. पुढच्या सुट्टीत लाखनीला गेले की आधी त्यांना सांगेन, की अमेरिकेतला एक पोरगा होता, आमच्याएवढाच, त्याच्या डोक्यात आलं. आणि हो, मामाला सांगून ठेवलंय, पावसाळ्यात गाडी उभी करायची तर हँडब्रेक ओढायचा नाही. सपाट जागी, गिअरमध्ये टाकून, चाकाला दगड लावायचा!